रेघा कुणाच्या? पिकलबॉल, सार्वजनिक कोर्ट आणि इतिहासाचा प्रश्न

सिनॉप्सिस लिहायला बसलं की विषय कुठलाही असो, आपलं पहिलं प्रकरण 'उगम आणि विकास' हेच असतं. अमुक गोष्ट कधी सुरू झाली, कुणी सुरू केली, मग ती कशी वाढत गेली. गाईडही हरकत घेत नाहीत, कारण सगळे असंच लिहितात. आज मला तुम्हाला एका साध्या खेळाच्या इतिहासावरून दाखवायचंय, की 'हे कुणी सुरू केलं?' या प्रश्नाचं उत्तर मिळूनही आपल्या हाती फारसं काही लागत नाही. त्याऐवजी 'हे कुठे घडलं, आणि ती जागा आधी कुणाच्या वापरात होती?' असं विचारलं, तर तीच साधनं वेगळं बोलायला लागतात.

खेळ आहे पिकलबॉल. पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. टेबल टेनिसच्या बॅटपेक्षा मोठी, सपाट, तारा नसलेली पॅडल, भोकं असलेला प्लास्टिकचा कडक चेंडू, कमरेएवढं नेट आणि बॅडमिंटनएवढं कोर्ट. शिकायला सोपा, धावपळ कमी, म्हणून सगळ्या वयाचे लोक एकत्र खेळू शकतात. भारतात तो आणण्याचं श्रेय सुनील वालावलकर यांना दिलं जातं आणि अखिल भारतीय पिकलबॉल संघटना 2008 साली स्थापन झाली. पण हा खेळ जिथे वाढला आणि जिथे त्याच्यावरून भांडणं झाली, ती अमेरिकेतल्या शहरांमधली सार्वजनिक उद्यानं. आपण तिकडेच जाऊ.

जन्मकथा, आणि कुत्र्याची जन्मतारीख

कथा सगळीकडे एकसारखी सांगितली जाते. 1965 चा उन्हाळा. वॉशिंग्टन राज्यात सिॲटलसमोर बेनब्रिज नावाचं बेट आहे. तिथे जोएल प्रिचर्ड यांचं उन्हाळी घर. ते तेव्हा राज्याच्या विधिमंडळात होते, पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल घरी आले, तर मुलं कंटाळलेली. आवारात जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण बॅडमिंटनचं सामान काही सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिक चेंडू घेऊन खेळ सुरू झाला. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीवर, म्हणजे 60 इंचांवर होतं. चेंडू टप्पा चांगला घेतोय हे दिसल्यावर ते 36 इंचांवर आणलं. पुढे बार्नी मॅककॅलम हे तिसरे मित्र आले आणि तिघांनी मिळून नियम ठरवले.

आता नाव. मॅककॅलम सांगायचे, की प्रिचर्डांचा 'पिकल्स' नावाचा कुत्रा चेंडू घेऊन पळायचा, म्हणून पिकलबॉल. जोएल यांच्या पत्नी जोन प्रिचर्ड मात्र सांगत, की नाव त्यांनीच दिलं. नौकानयनाच्या शर्यतीत उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांची जी नाव उतरते, तिला 'पिकल बोट' म्हणतात. हा खेळही इकडचं तिकडचं गोळा करून केलेला, म्हणून पिकलबॉल.

दोघंही प्रत्यक्ष साक्षीदार, दोघंही प्रामाणिक. मग कुणाचं मानायचं? अमेरिकेतल्या पिकलबॉल संघटनेने शोध घेतला तेव्हा त्यांनी 'कुणाचं खरं वाटतं' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि कुत्रा कधी जन्मला ते शोधलं. पुराव्यांवरून उत्तर आलं 1968. खेळ 1965 चा. म्हणजे खेळाचं नाव कुत्र्यावरून पडलेलं नसून कुत्र्याचं नाव खेळावरून पडलं असणार.

मौखिक साधनांबद्दल वर्गात जे शिकवतात ते इथे दोन ओळींत दिसतं. आठवण खोटी नसते, पण आठवणीतला क्रम उलटा लागू शकतो. तो तपासायला त्या आठवणीबाहेरची एखादी तारीख लागते. तुमच्या विषयात असा 'कुत्रा' कोणता आहे, म्हणजे सगळे सांगतात पण ज्याची तारीख कुणीच पाहिलेली नाही अशी गोष्ट कोणती, ते आधी शोधा.

पण इथेच थांबलो तर आपण फक्त एक दंतकथा खोडून काढली एवढंच होईल. एका खाजगी आवारात तीन मित्रांनी खेळ काढला, यावरून साठ वर्षांनी शहराच्या उद्यानात लोक एकमेकांवर का ओरडतात हे समजत नाही. त्यासाठी मापं बघावी लागतात.

मापं हेही साधनच आहे

पिकलबॉलचं कोर्ट 20 फूट रुंद आणि 44 फूट लांब असतं. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्टही अगदी तेवढंच. समजा बेनब्रिजची कथा लिहून ठेवलेली नसती, सगळे साक्षीदार गेले असते, तरी केवळ या दोन आकड्यांवरून खेळाचा पूर्वज ओळखता आला असता. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर असते. पिकलबॉलमध्ये नेटजवळच्या ज्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतच मारता येत नाही, तो पट्टा सात फुटांचा. अर्ध्या फुटाचा हा फरक कधी आणि का पडला, हा स्वतंत्र संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो.

आणखी एक पायरी मागे गेलं की आपण थेट पुण्यात येतो. 1870 च्या दशकात इथल्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी जाळं बांधून शटलकॉकचा जो खेळ खेळत, त्याला 'पूना' असंच नाव पडलं होतं. नंतर इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या 'बॅडमिंटन हाउस'वरून नाव बदललं. त्या बॅडमिंटनचं कोर्ट 1901 पर्यंत डमरूसारखं होतं, नेटजवळ अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. आयत झालं ते त्यानंतर.

म्हणजे पिकलबॉल दुसऱ्याच्या कोर्टवर जन्मला, आणि ज्याच्या कोर्टवर जन्मला तो बॅडमिंटनही पुण्यातून इंग्लंडला जाईपर्यंत नाव बदलून, नंतर आकारही बदलून पुढे आला. प्रत्येक खेळाला आपलं कोर्ट पहिल्यापासून असंच होतं असं वाटतं. रेघांचा इतिहास बघितला तर तसं दिसत नाही.

आधी कोण होतं?

सध्याच्या भांडणात टेनिसवाल्यांचं म्हणणं साधं आहे: ही कोर्टं टेनिससाठी बांधली, पिकलबॉलवाले आमच्या जागेत आले. तक्रार खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. एकाच कोर्टवर दोन रंगांच्या रेघा असल्या की चेंडू आत की बाहेर हे पटकन कळत नाही. नेटचाही घोळ होतो. टेनिसचं नेट मध्यभागी 36 इंच आणि खांबांपाशी 42 इंच असतं, पिकलबॉलचं मध्यभागी 34 आणि कडेला 36. म्हणून पिकलबॉलवाले घडीचं नेट घेऊन येतात, नाहीतर टेनिसच्याच नेटवर भागवतात.

पण 'आधी कोण होतं' हा मुद्दा इतिहासाकडे नेला, तर टेनिसलाही तो अडचणीचा ठरतो. विम्बल्डनचा क्लब 1868 मध्ये स्थापन झाला तो 'ऑल इंग्लंड क्रोके क्लब' म्हणून. क्रोके म्हणजे लाकडी हातोडीने चेंडू कमानीतून घालवायचा हिरवळीवरचा संथ खेळ. 1875 मध्ये क्लबने आपल्या हिरवळीवर लॉन टेनिसला जागा दिली. 1877 मध्ये नाव झालं 'ऑल इंग्लंड क्रोके अँड लॉन टेनिस क्लब', आणि त्याच वर्षी पहिली विम्बल्डन स्पर्धा झाली. तिच्यासाठी ठरवलेली 78 बाय 27 फुटांची मापं एकेरीच्या कोर्टला आजही लागू आहेत. 1882 मध्ये नावातून 'क्रोके' काढूनच टाकलं. 1899 मध्ये ते परत घेतलं, पण टेनिसच्या नंतर. नावातला हा बदल क्लबच्या कागदपत्रांत वर्षासकट सापडतो. कुणी कुणाला सरकवलं हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

पिकलबॉलवाले बरोबर आणि टेनिसवाले चूक, असं मला म्हणायचं नाही. 'आम्ही आधी होतो' हे विधान ऐकलं की संशोधकाने लगेच 'कुठल्या वर्षापासून मोजायचं?' असं विचारावं, एवढंच म्हणायचंय. सुरुवातीचं वर्ष जो निवडतो, निकाल बहुधा त्याच्याच बाजूने लागतो.

'सार्वजनिक' या शब्दाखाली काय झाकलं जातं

आतापर्यंतचं सगळं खाजगी आवारांत आणि क्लबांत घडलं. शहराच्या उद्यानातल्या कोर्टचा इतिहास निराळा आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

1915 च्या सुमाराला फ्रँक पीअर बील या पाद्र्यांनी न्यूयॉर्कच्या उद्यान विभागाकडून वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये 'पॅडल टेनिस'ची कोर्टं आखून घेतली. टेनिसचं छोटं रूप, लाकडी पॅडल, वस्तीतल्या मुलांना खेळता यावं हा हेतू. पिकलबॉलच्या जन्माआधी पन्नास वर्षं एका शहराच्या उद्यानात पॅडलचा खेळ सगळ्यांसाठी खुला होता. बेनब्रिजच्या तिघांनी यावरून काही उचललं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण आपण 'उगम' शोधत बसलो, की वारस नसलेले असे पूर्वज नजरेतून सुटतात.

हार्लेममध्ये अशाच वाहनं बंद केलेल्या एका गल्लीत एक मुलगी पॅडल टेनिस शिकली आणि 1939 मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी शहराची विजेती झाली. तिचं नाव अल्थिया गिब्सन. 1957 मध्ये ती विम्बल्डन जिंकली, तिथली पहिली कृष्णवर्णीय विजेती. आर्थर ॲश व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात ब्रुक फील्ड या उद्यानात टेनिस शिकला, कारण त्याचे वडील तिथले देखरेख करणारे होते. ते उद्यान फक्त कृष्णवर्णीयांसाठी होतं. त्याच शहरातल्या बर्ड पार्कची कोर्टंही 'सार्वजनिक'च होती, पण त्याला तिथे खेळता येत नव्हतं.

बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमध्ये 11 जुलै 1948 रोजी कृष्णवर्णीय आणि गोरे खेळाडू मिळून गोऱ्यांसाठी राखीव कोर्टवर टेनिस खेळायला उतरले. हे मुद्दाम केलेलं आंदोलन होतं. पोलिसांनी अटक केली. एच. एल. मेंकन हे तिथले गाजलेले आणि एरवी अत्यंत कडवट पत्रकार. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी या अटकेविरुद्ध लेख लिहिला. त्यानंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि तो त्यांचा अखेरचा स्तंभलेख ठरला.

आता उद्यानातल्या टेनिस कोर्टकडे परत बघा. 1930 च्या मंदीत रोजगार योजनांमधून अमेरिकेत अशी हजारो कोर्टं सरकारी पैशाने बांधली गेली. ती सगळ्यांची होती. पण 'सगळे' म्हणजे कोण, हे प्रत्येक शहरात भांडून ठरवावं लागलं. म्हणून आज कुणी 'या कोर्टवर पूर्वी शांतपणे टेनिस चालायचं' असं म्हटलं, तर ते 'पूर्वी' कुणाच्या आठवणीतलं, हे विचारायलाच हवं.

चार कोर्टं, सोळा माणसं

पिकलबॉल उद्यानात पोचला तो फिरून फिरून. शाळांचे व्यायामवर्ग, समाजकेंद्रं, निवृत्तांच्या वसाहती या वाटेने. 2001 मध्ये तो ॲरिझोनातल्या ज्येष्ठांच्या ऑलिंपिकमध्ये आला. मग कोविडच्या काळात मोकळ्या हवेतल्या खेळांकडे लोक वळले. खेळसाहित्य उद्योगाच्या संघटनेच्या पाहणीनुसार अमेरिकेत 2021 मध्ये 48 लाख लोक पिकलबॉल खेळत होते, 2023 मध्ये 1 कोटी 36 लाख. हे आकडे वापरा, पण मोजणारी संस्था खेळाचं सामान विकणाऱ्यांची आहे हे त्याच वाक्यात लिहा.

या वाढीचं गणित जागेचं आहे. टेनिस कोर्टला भोवतालच्या मोकळ्या जागेसकट 60 बाय 120 फूट, म्हणजे 7200 चौरस फूट लागतात. पिकलबॉलला मोकळ्या जागेसकट 30 बाय 60, म्हणजे 1800. बरोबर चार पट. जिथे दोन किंवा चार माणसं खेळत होती तिथे दुहेरीचे चार सामने, सोळा माणसं. उद्यान विभागाला हा हिशेब आवडला नसता तरच नवल.

सोळा खेळणारे आणि तेवढेच वाट बघणारे म्हटल्यावर पाळ्यांची पद्धत लागते. बऱ्याच सार्वजनिक कोर्टांवर कुंपणाशी पॅडल ठेवायची खाचांची पट्टी असते. आलात की आपलं पॅडल शेवटच्या खाचेत ठेवायचं. एक डाव संपला की रांगेतली पुढची चार पॅडलं आत जातात. म्हणजे जोडीदार तुम्ही निवडत नाही, रांग निवडते. साठीतल्या बाई आणि कॉलेजातला मुलगा एका बाजूला येतात ते यामुळे. गर्दी असेल तर चौघंही बाहेर, नसेल तर जिंकलेले आत राहतात. हे नियम कुठल्याही नियमपुस्तकातून आलेले नाहीत, त्या त्या कोर्टवर ठरतात आणि फलकावर लिहिले जातात. इतिहासाच्या दृष्टीने हा फलक म्हणजे अस्सल साधन. तो बदलला की जुना फेकून दिला जातो, म्हणून त्याचे तारखेसह फोटो आजच काढून ठेवले पाहिजेत.

आणि मग आवाज. मी विज्ञानाकडून आले असल्याने हा भाग मला सगळ्यात जवळचा. टेनिसचा चेंडू मऊ आणि रॅकेटच्या तारा लवचिक, त्यामुळे आघात लांबतो आणि आवाज दबका येतो. पिकलबॉलमध्ये कडक प्लास्टिक कडक पॅडलवर आदळतं. आघात क्षणभराचा, आणि आवाजाची ऊर्जा साधारण 1000 हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या थोडी वर. हा पट्टा कानाला चांगला ऐकू येतो. शिवाय चार कोर्टांवरून तो सतत आणि अनियमितपणे येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे सर्वात खात्रीचा उपाय अंतर, आणि अंतर म्हणजे जागा. तीच तर शहराकडे नसते. आवाजाचा वाद हा शेवटी जागेचाच वाद आहे. डेन्व्हर शहराने 2023 मध्ये काँग्रेस पार्कमधली पिकलबॉल कोर्टं आवाजाच्या कारणावरून बंद केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या वोलमन रिंकवर पिकलबॉलची 14 कोर्टं सुरू झाली, पण तासाचं भाडं भरून. एकीकडे फुकटची कोर्टं गेली, दुसरीकडे उद्यानातच भाड्याची आली. दोन शहरांवरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्न मात्र पक्का मांडता येतो.

हरणाऱ्याने लिहिलेलं साधन

अशा वादात साधनं बहुतेक जिंकणाऱ्याकडे राहतात. अपवाद मुंबईचा. 1875 मध्ये युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाल्यावर मैदानावर त्यांचं पोलो आणि देशी पोरांचं क्रिकेट यांत झगडा पेटला. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि चेंडूचा टप्पा धड पडायचा नाही. पारशी क्रिकेटपटूंनी 1880 च्या दशकात सरकारकडे अर्जावर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये या झगड्यावर पुस्तकच लिहिलं, 'युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट' हे शब्द त्याच्या नावातच आहेत. शेवटी मैदान मोकळं झालं नाही. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर पारशी, मुस्लिम आणि हिंदू असे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले. जागेचं भांडण मिटवण्याच्या या पद्धतीने पुढे मुंबईच्या क्रिकेटचे संघच धर्मावर ठरले. खेळाच्या जागेची वाटणी किती लांबवर परिणाम करते, हे यातून कळतं.

मग तुम्ही काय कराल?

समजा तुम्हाला तुमच्या शहरातल्या एखाद्या उद्यानावर, मैदानावर किंवा पालिकेच्या हॉलवर काम करायचंय. 'उगम आणि विकास' बाजूला ठेवा. जागा एक घ्या, छोटी घ्या. तिथल्या रेघांची मापं टेपने मोजा आणि पुसट रेघाही नोंदवा, कारण पुसलेली रेघ म्हणजे निघून गेलेला वापर. फलकांचे, वेळापत्रकांचे फोटो काढा. पालिकेचे ठराव आणि निविदा मागवा, माहितीचा अधिकार आहेच. मग तिथल्या लोकांशी बोला, आणि प्रत्येक आठवणीला एक बाहेरची तारीख जोडून बघा. सगळ्यात शेवटी, तिथे आता येत नाहीत अशा लोकांना शोधा. त्यांची मुलाखत मिळवणं सगळ्यात अवघड असतं, आणि प्रबंध बहुधा त्यांच्यामुळेच उभा राहतो.

हे का करायचं? कारण उद्या पालिकेच्या बैठकीत 'ही जागा पहिल्यापासून अमक्याची' असं कुणीतरी म्हणणार, आणि समोरच्याकडे कागद नसेल तर तेच खरं धरलं जाणार. बेनब्रिजच्या कुत्र्याची जन्मतारीख चुकली तरी कुणाचं नुकसान झालं नाही. मैदानाबाबत चुकली तर कुणाची तरी खेळायची जागा जाते.